रोप घेताना उंची नको, मुळं बघा!

जून आला की नर्सरीत गर्दी होते आणि बहुतेकजण सगळ्यात उंच रोप उचलतात. माझं मत उलट आहे. लहान पिशवीत वाढलेलं सहा फुटी रोप म्हणजे बहुधा आत मुळांचं वेटोळं. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आली असतील, तर ते रोप तिथेच ठेवा. ही वेटोळी जमिनीतही गोल गोलच वाढतात आणि काही वर्षांनी खोडालाच आवळतात. त्यापेक्षा तीन फुटांचं, जाडसर बुंध्याचं, काठीशिवाय उभं राहणारं रोप घ्या. पानं उलटी करून पिठ्या ढेकूण आहे का तेही बघा.

झाड कोणतं? गुलमोहर सुंदर खरा, पण तो मूळचा मादागास्करचा आणि वादळात त्याच्या फांद्या पटकन मोडतात. दारात फुलं हवी असतील तर ताम्हण लावा, आपलं राज्यफूल आहे! बहावाही छान. वर विजेच्या तारा असतील तर पारिजातक किंवा कढीपत्ता पुरे.

खड्डा दोन बाय दोन बाय दोन फूट, शक्यतो मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण नको, हुमणी येते. लावताना पिशवी पूर्ण फाडून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. बुंधा पिशवीत होता तेवढाच मातीत जाऊ द्या. खोल पुरला तर खोड कुजतं.

आणि पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नका.