क्वांटम संगणक आणि ब्राउझरचं कुलूप

बँकेची साइट उघडली की पहिल्या काही मिलिसेकंदांत दोन कामं होतात. ब्राउझर आणि सर्व्हर मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात, आणि सर्व्हर डिजिटल सहीने आपली ओळख पटवतो. क्वांटम संगणकाचा खरा धोका या दोन कामांना आहे.

काय मोडेल, काय टिकेल

१९७७ची आरएसए पद्धत घ्या. दोन अवाढव्य मूळ संख्यांचा गुणाकार सोपा. पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचं. पुरेसा मोठा क्वांटम संगणक ते करू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ साली दाखवलं. नंतरची इलिप्टिक कर्व्ह पद्धतही त्याच रीतीने मोडते. किल्ली ठरल्यावर मजकूर झाकणारं एईएस मात्र तगेल. लव ग्रोव्हर यांच्या १९९६च्या रीतीने २५६ बिटांच्या किल्लीचं बळ १२८ बिटांवर येतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

आज साठवायचं, पुढे उघडायचं

२०४८ बिटांचं आरएसए फोडायला दोन कोटी क्युबिट (क्वांटम संगणकाचे बिट) लागतील, असा २०१९चा एक गाजलेला अंदाज होता. २०२५मध्ये त्याच अभ्यासकांपैकी क्रेग गिडनी यांनी तो दहा लाखांच्या आत आणला. आजची यंत्रं त्यापासूनही खूप दूर आहेत, पण म्हणून निर्धास्त राहता येत नाही. आज तारेवरून जाणारा झाकलेला मजकूर कुणी साठवून ठेवला, तर तो पुढे कधीही उघडता येईल. दहा वर्षांनी फुटलेल्या ओटीपीचं कुणाला काही नाही. पण एखाद्या रुग्णाचा आजार किंवा पत्रकाराला माहिती देणाऱ्याचं नाव तेव्हाही तितकंच नाजूक असेल.

वेगाचं काय?

क्वांटम संगणकामुळे इंटरनेट सुसाट होईल, ही समजूत सोडून द्यावी. केबल, राउटर, टॉवर तेच राहणार. उलट क्वांटम संगणकापुढे टिकण्यासाठी बनवलेली नवी कुलपं वजनदार आहेत.

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक-संस्थेने ऑगस्ट २०२४मध्ये नव्या पद्धतींची पहिली तीन मानकं जाहीर केली. त्यांतलं एमएल-केम किल्ली ठरवण्यासाठी आहे. जुन्या एक्स२५५१९ पद्धतीत ब्राउझर ३२ बाइट पाठवतो. एमएल-केम-७६८मध्ये ११८४ पाठवतो आणि उत्तरात १०८८ येतात. एका पॅकेटात साधारण १५०० बाइट मावतात. पहिल्या निरोपात इतरही तपशील असतात, त्यामुळे तो आता बहुधा दोन पॅकेटांत जातो. क्रोमने २०२४मध्ये ही सोय सरसकट सुरू केली, तेव्हा अख्खा निरोप पहिल्याच पॅकेटात येणार असं धरून चालणारे काही सर्व्हर आणि फायरवॉल अडखळले. गणित स्वतः झपाट्याने होतं, म्हणून चांगल्या जोडणीवर फरक जाणवत नाही. रेंज तुटक असेल तिथे मात्र जास्तीचं पॅकेट हरवू शकतं.

एवढं करूनही ब्राउझर जुनी पद्धत टाकत नाहीत; दोन्ही एकत्र वापरतात. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण नवी पद्धतही अचानक फुटू शकते. निस्टच्या निवडीत बराच पुढे गेलेली ‘साइक’ ही पद्धत २०२२मध्ये साध्या संगणकावर तासाभरात फुटली होती.

सही अजून बाकी

सध्याची इलिप्टिक कर्व्ह सही ६४ बाइटांची, तर नवी एमएल-डीएसए-४४ सही २४२० बाइटांची. एका साइटच्या ओळखपत्रामागे अशा अनेक सह्या असतात, म्हणून हा बदल रेंगाळला आहे. साइटपुरता हा उशीर चालेल, कारण बनावट सही करायला क्वांटम यंत्र त्याच क्षणी हाती असावं लागतं. जुनी वाहतूक साठवून भागत नाही. पण वीजमीटर किंवा गाडीतल्या चिपचं तसं नाही. नवं सॉफ्टवेअर खरं की बनावट, हे ती कारखान्यात कायमच्या बसवलेल्या किल्लीने ओळखते आणि पंधरा-वीस वर्षं वापरात राहते. ती किल्ली नंतर बदलता येत नाही. नवी पद्धत तिथे आज, कारखान्यातच बसवावी लागेल.