आपलं पाणी – भाग ९ : जलपर्णी काढली, तरी तलाव साफ का होत नाही?

या आठवड्यात भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात शिरायचं ठरलं होतं. पण पवईच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि तो बेत पुढच्या भागावर टाकतो आहे. त्या विचारतात, ‘पालिका पवई तलावातली जलपर्णी काढते, आम्हीही रविवारी काठावरचा कचरा उचलतो, तरी काही महिन्यांत तलाव पुन्हा हिरवा कसा होतो?’

जलपर्णीचं एक रोप हातात घेऊन पाहा. देठाचा फुगीर भाग स्पंजासारखा दबतो. आत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून ती तरंगते. खाली काळपट मुळांचा दाट झुबका आणि त्यात अडकलेला गाळ. या मुळांना जमीन लागत नाही. नत्र आणि स्फुरद ती थेट पाण्यातून उचलतात. ही दोन्ही भरपूर असली आणि वर ऊन मिळालं, की दोनेक आठवड्यांत जलपर्णीचा पसारा दुप्पट होतो. शिवाय तिचं बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

पवईत हे नत्र-स्फुरद येतं ते प्रामुख्याने सांडपाण्यातून. संडासाचं, मोरीचं, कपडे-भांडी धुतल्याचं पाणी नाल्यांतून तलावात उतरतं. म्हणजे यंत्राने जलपर्णी उपसली, तरी तिचं खाणं रोज येतच राहतं. उपसलेला ढीग काठावरच कुजत ठेवला, तर पहिल्याच मोठ्या पावसात त्यातलं बरंचसं खत परत पाण्यात जातं. जलपर्णी काढायलाच हवी, नाहीतर तिच्या चादरीखाली प्राणवायू घटून मासे मरतात. पण काढली की ती तलावापासून लांब नेऊन तिचं खत केलं पाहिजे आणि त्याच वेळी नाल्याचं तोंड वळवलं पाहिजे.

याचा पुरावा पवईच्या शेजारीच आहे. विहार तलाव १८६० चा, हेन्री कॉनिबेअरच्या आराखड्यावर बांधलेला. तुळशी १८७९ चा. पवई त्यानंतर १८९० च्या सुमारास, तोही मुंबईला पाणी पुरवण्यासाठीच बांधला. डोंगर तेच, पाऊस तोच. विहार आणि पवई दोन्ही ओसंडले की पाणी एकाच मिठी नदीत जातं. आज विहार-तुळशीचं पाणी शुद्धीकरण होऊन मुंबईच्या नळांना येतं. पवईचं पाणी मात्र पिण्याजोगं नाही. ते उद्योगांना आणि आरे वसाहतीला, पिण्याखेरीजच्या कामांसाठी दिलं जातं.

विहार आणि तुळशीभोवती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. पाऊस पानांवर पडतो, पालापाचोळ्यातून झिरपतो आणि बऱ्यापैकी गाळून तलावात येतो. पवईभोवती वस्ती, वसाहती, हॉटेलं आणि रस्ते उभे राहिले. तलावाची राखण पाण्यात होत नाही, ती पाणलोटात होते. या लेखमालेतून माझं एवढं एकच म्हणणं तुमच्या लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

‘शुद्धीकरण केंद्र आहे ना, मग मूळ पाणी कसंही असलं तरी काय बिघडलं?’ हा प्रश्नही मला अनेकदा ऐकू येतो. बिघडतं! शेवाळ वाढलं की गाळणीच्या वाळूचे थर तुंबतात. पाण्यात सेंद्रिय घाण जास्त असली की क्लोरीन जास्त लागतो, आणि त्या दोघांच्या संयोगातून आरोग्याला अपायकारक संयुगं तयार होतात. मूळ पाणी जितकं चांगलं, तितकं केंद्राचं काम सोपं आणि स्वस्त.

विहार आणि तुळशी मिळून मुंबईच्या सात तलावांच्या साठ्यापैकी जेमतेम अडीच टक्के पाणी धरतात. म्हणून त्यांना किरकोळ समजू नये. शहराच्या हद्दीतलं जंगल राखलं तर तिथलं पाणी दीडशे वर्षांनंतरही पिता येतं, याचा इतका ढळढळीत दाखला दुसरा नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आणि आपापल्या गावच्या तळ्यासाठी झटणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. रविवारची सफाई चालू ठेवाच. पण येत्या रविवारी तळ्याला एक पूर्ण फेरी मारा आणि पाऊस नसतानाही वाहणारी नाल्याची तोंडं कुठे कुठे आहेत ते कागदावर नोंदवा, त्यांचे फोटो काढा. कोरड्या दिवशी वाहतं ते बहुतेक वेळा सांडपाणीच असतं. तो कागद घेऊन पालिकेच्या विभाग कार्यालयात किंवा ग्रामसभेत जा. ‘जलपर्णी कधी काढणार?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘हे नाले कधी वळवणार?’ असं विचारा आणि उत्तर लेखी मागा.