सायकलचा पंप गरम का होतो?

सायकलमध्ये हवा भरून झाल्यावर पंपाच्या खालच्या टोकाला कधी हात लावलाय? चांगलंच तापलेलं असतं. मी कित्येक वर्षं समजत होतो की आत दट्ट्या घासतो म्हणून. पण दट्ट्या तर नळीभर घासतो. मग जास्त तापतं ते खालचंच टोक, जिथे हवा दाबली जाते, असं का?

बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळतं : रेणू जवळ आले, एकमेकांवर जास्त आपटले, म्हणून उष्णता. हे चूक आहे. दोन रेणू आपटले की एकाची ऊर्जा जितकी वाढते तितकीच दुसऱ्याची घटते. हिशेब शून्य.

खरा खेळ दट्ट्यापाशी आहे. क्रिकेट आठवा. बॅट पुढे आणून मारली की चेंडू आला त्याहून जोरात जातो. डिफेन्स करताना हात सैल सोडून बॅट मागे घेतली, तर तो पायाशीच मरतो. पुढे येणारा दट्ट्या म्हणजे मारणारी बॅट. त्याच्यावर आपटलेला प्रत्येक रेणू थोडा जास्त वेगाने परततो, आणि रेणूंचा वेग वाढणं म्हणजेच तापमान वाढणं. म्हणजे ती उष्णता तुमच्या हाताच्या मेहनतीतून आली!

किती वाढतं? ३० अंशांची हवा झटकन निम्म्या जागेत दाबली आणि उष्णता अजिबात बाहेर जाऊ दिली नाही, तर ती सुमारे १२५ अंशांवर जाते. डिझेल इंजिनात तर हवा ५०० अंशांच्या वर तापते. म्हणून तिथे स्पार्क प्लग लागत नाही, डिझेल फवारलं की आपोआप पेटतं.

प्रसरणात उलटं. रेणू मागे सरणाऱ्या भिंतीला ढकलतात आणि मंद होतात. ढकलणं महत्त्वाचं बरं का! १८४५ मध्ये जेम्स जूल यांनी दाबलेली हवा रिकाम्या, निर्वात भांड्यात सोडली. ढकलायला काहीच नव्हतं. तापमानात फरक दिसला नाही.

आता फोनमधल्या हवामानाच्या ॲपवर महाड आणि महाबळेश्वर दोन्ही लावून बघा. पावसाळ्यात समुद्रावरून आलेली हवा सह्याद्रीला अडून वर चढते. वर दाब कमी, त्यामुळे ती आजूबाजूच्या हवेला ढकलत फुगते आणि दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी थंड होते. (ढग धरायला लागले की हा वेग कमी होतो.) महाबळेश्वर १,३०० मीटरहून उंच आहे. तिथवर पोचेपर्यंत हवेतल्या वाफेचं पाणी झालेलं असतं.