दुर्ग-भिलाई: तापाचा नकाशा कुणी काढायचा?

ऑगस्ट २०१८ मध्ये दुर्ग जिल्ह्यात डेंग्यूची साथ आली. सर्वाधिक रुग्ण भिलाईच्या खुर्सीपार आणि छावणी या दाट वस्तीच्या पट्ट्यातले होते. काही आठवड्यांत मृतांची संख्या दोन अंकी झाली. दवाखाने भरले, गल्लोगल्ली धूर मारणारी यंत्रं फिरू लागली, घरोघरी पाण्यात औषध टाकणं सुरू झालं. हे सगळं आवश्यक होतं, पण ते माणसं आजारी पडल्यानंतर सुरू झालं. धुराने उडता डास मरतो; खाटेखाली, कपड्यांच्या मागे, कोनाड्यात बसलेला बहुतेकदा वाचतो आणि पाण्यातल्या अळ्यांना तर धूर लागतच नाही. त्या वर्षापासून एक प्रश्न मला सोडत नाही. पहिला रुग्ण सापडण्याआधी, मे महिन्यातच, कोणत्या गल्ल्यांना सर्वाधिक धोका आहे हे सांगता आलं असतं का? माझं मत आहे की बऱ्याच अंशी आलं असतं.

त्यासाठी आधी हे शहर कसं घडलं ते पाहावं लागतं. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. कारखान्याबरोबर आखीव टाऊनशिप उभी राहिली: क्रमांक दिलेले सेक्टर, रुंद रस्ते, झाडं, नळ, गटारं आणि सेक्टर ९ चं मोठं रुग्णालय. मात्र कारखाना बांधायला आलेल्या सगळ्यांना सेक्टरमध्ये घर मिळालं नाही. हावडा-मुंबई लोहमार्गाच्या पलीकडे, नंदिनी रोडच्या बाजूला कॅम्प १, कॅम्प २, छावणी, खुर्सीपार या वस्त्या वाढत गेल्या. आंध्र, ओडिशा, बंगाल, बिहार, विदर्भ आणि आसपासच्या छत्तीसगडी गावांतून आलेली माणसं तिथे राहिली. २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईनगर नागरी समूहाची लोकसंख्या १० लाख ६४ हजार होती. एकाच ठिकाणी दोन वेगवेगळ्या इतिहासांची शहरं आहेत आणि रोगाचा धोका त्या इतिहासाच्या मागोमाग चालत आला आहे.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास घरातला आहे. नाल्याच्या घाणीपेक्षा त्याला ड्रम, हौद, रांजण, टाकून दिलेला टायर आणि कूलरमधलं साठवलेलं, तुलनेने स्वच्छ पाणी आवडतं. तो दिवसा चावतो. आयुष्यभरात तो जन्मस्थानापासून सहसा काही शे मीटरच्या पलीकडे जात नाही. अळीपासून डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात. या गोष्टी शेजारी ठेवल्या की नकाशाचं माप ठरतं. वॉर्डाच्या मापाचा नकाशा इथे कामाचा नाही, कारण एका वॉर्डात आखीव कॉलनी आणि झोपडपट्टी दोन्ही असू शकतात. त्यांची सरासरी काढली की दोन्हींचं खोटं चित्र हाती येतं. नकाशा गल्लीच्या मापाचा हवा. त्यावर पहिला प्रश्न असा लिहिलेला हवा: इथे नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येतं? जिथे पाणी रोज भरवशाने येतं तिथे ड्रम भरून ठेवायची गरज पडत नाही. जिथे ते टँकरने येतं किंवा दिवसाआड येतं, तिथे प्रत्येक घरात साठा असतो आणि तो पूर्ण रिकामा होऊन घासला जाणं विरळाच.

आमच्या भागात याला कूलरची जोड आहे. दुर्ग, रायपूर, राजनांदगाव आणि तिकडे गोंदिया-नागपूर हा सारा पट्टा एप्रिल-मेमध्ये भाजून निघतो. कूलर इथे चैन राहिलेला नाही. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या घरातही तो असतो. पहिला पाऊस पडून उकाडा थोडा कमी झाला की कूलर बंद होतो, पण टाकीतलं पाणी तसंच राहतं. डासांना सर्वांत अनुकूल हवामान सुरू होतं त्याच आठवड्यात हजारो टाक्या विसरल्या जातात. मुंबई-पुण्यातल्या आराखड्यांत कूलरला एवढं महत्त्व नसतं. दुर्ग-भिलाईच्या नकाशात तो ठळक खुणेने दाखवायला हवा.

रुग्णांच्या पत्त्यांवर टिंबं मारून काढलेला नकाशा सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत जास्त वापरला जातो. लंडनमध्ये १८५४ मध्ये जॉन स्नो यांनी पटकीच्या मृत्यूंची नोंद नकाशावर करून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवलं, ती गोष्ट शाळेपासून ऐकलेली असते. पण आपल्याकडे टिंब पडतं कुठे? सरकारी गणनेत डेंग्यूचा रुग्ण धरला जातो तो एलायझा चाचणीने पुष्टी झाल्यावर. खाजगी दवाखान्यात झटपट किटवर आलेला अहवाल त्या गणनेत येत नाही. ज्याने तापात पॅरासिटामॉल घेऊन कामावर जाणं चालू ठेवलं, त्याचं टिंब कधीच पडत नाही. रायपूरला जाऊन उपचार घेणाऱ्याची नोंद तिकडे होते. अशा नकाशावर चाचणीची सोय जिथे जवळ आहे तिथे टिंबं दाट दिसतात आणि जिथे नाही तिथे कोरी जागा राहते. त्या कोऱ्या जागेला सुरक्षित समजणं घातक आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत झालेल्या रक्तपाहणीत झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतल्या सुमारे १६ टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडं सापडली. तोवर नोंदलेल्या रुग्णांच्या आकड्यांत हे खरं चित्र आलेलंच नव्हतं.

याचा उलटा मार्ग, म्हणजे रुग्णाऐवजी रोगाच्या जागेचा शोध घेण्याचा, महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीच सापडला होता. मुंबईत हिवतापाचा जोर वाढला तेव्हा चार्ल्स बेंटले या डॉक्टरांनी शहराची पाहणी करून १९११ मध्ये अहवाल दिला. मुलांच्या वाढलेल्या प्लीहा तपासून त्यांनी कोणत्या भागात हिवताप मुरलेला आहे ते ठरवलं, आणि त्याच भागांत पाणी शोधलं. दलदलीपेक्षा घरांच्या आवारातल्या विहिरींत ॲनोफेलिस स्टिफेन्सी हा डास वाढतो, हे त्यातून पुढे आलं. विहिरी झाकण्याची किंवा बुजवण्याची मोहीम निघाली. धार्मिक कारणांनी तिला विरोधही झाला, कारण अनेक विहिरींशी लोकांची श्रद्धा जोडलेली होती. मुंबई महापालिका आजही पाण्याच्या टाक्यांची झाकणं तपासते आणि नोटिसा देते, त्यामागे हाच विचार आहे. आधी मुलांची प्लीहा, मग त्याच गल्लीतलं पाणी, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. माणूस आणि परिसर एकाच कागदावर आले की औषध कुठे टाकायचं ते कळतं.

माणसांची बाजू मात्र भिलाईत फार कच्ची आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे गल्लीत किती माणसं राहतात याचा अधिकृत आधार २०११ चाच राहिला. दरम्यान रिसाली आणि चरोदाकडे वस्ती पसरली. शंभर रुग्ण ही संख्या ऐकून काहीच ठरत नाही. ती पाच हजारांतली की पन्नास हजारांतली, हे कळायला हवं. २०११ च्या घरयादीत प्रत्येक घराच्या खोल्या किती, पिण्याचं पाणी घरात की बाहेरून, सांडपाण्याची व्यवस्था काय, हे सगळं विचारलं होतं. क्षयरोगासाठी खोल्यांची संख्या, पटकी-काविळीसाठी पाण्याची जागा आणि डेंग्यूसाठी पाणी बाहेरून आणून साठवावं लागत असेल का याचा अंदाज, अशी या रोगांच्या धोक्याची पहिली आखणी त्या यादीवरून करता येते. त्यावर लोकसंख्येचे आणखी काही थर चढवावे लागतात. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा एका प्रकाराने आजारी पडलेल्याला पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणून २०१८ च्या साथीतून गेलेल्या वस्त्या पुढच्या साथीत जास्त जपायला हव्यात. कारखान्यात सिलिकाच्या धुळीत वर्षं काढलेल्या कामगाराला क्षयाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. कामासाठी बस्तरकडे ये-जा करणाऱ्या मजुराबरोबर हिवताप शहरात येऊ शकतो.

रोग आणि परिसर यांच्या नात्याची जाण या भागातल्या कामगारांना नवी नाही. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहऱ्यात खाण कामगारांच्या संघटनेने शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीने आणि श्रमाने शहीद रुग्णालय उभारलं. तिथल्या डॉक्टरांनी आणि कामगार आरोग्यसेवकांनी उपचाराबरोबर अतिसार का होतो, पाणी कुठे बिघडतं हे लोकांशी बोलण्याचं काम केलं. दल्ली-राजहरा तेव्हा दुर्ग जिल्ह्यात होतं, आज ते बालोद जिल्ह्यात आहे.

हद्दीचा प्रश्न इथेच येतो. आज या पट्ट्यात दुर्ग, भिलाई, रिसाली आणि भिलाई-चरोदा अशा चार महापालिका आहेत आणि टाऊनशिपचा कारभार कारखान्याच्या नगर प्रशासनाकडे आहे. लोहमार्गाच्या एका बाजूला फवारणी करणारा विभाग वेगळा आणि दुसऱ्या बाजूचा वेगळा. दिवसा टाऊनशिपमध्ये धुणीभांडी, बागकाम आणि मजुरी करणारी बाई किंवा माणूस रात्री कॅम्पात झोपतो. एडिस दिवसा चावतो, म्हणजे लागण एका हद्दीत आणि पत्ता दुसऱ्या हद्दीत. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये गिलेन-बारे सिंड्रोमची साथ आली तेव्हा बहुतेक रुग्ण सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागातले होते. हद्द वाढवून महापालिकेत घेतलेल्या त्या गावांना विहिरीचं पाणी केवळ क्लोरीन टाकून दिलं जात होतं. शहराची हद्द नकाशावर पुढे गेली, जलशुद्धीकरण मागे राहिलं आणि त्या मधल्या पट्ट्यात रोग आला. रिसाली-चरोदाकडे वाढणाऱ्या वस्तीसाठी ही गोष्ट आज ऐकून ठेवण्यासारखी आहे.

मग हा नकाशा काढायचा कुणी? उपग्रहाच्या चित्रांवरून दाट छपरं, झाडी, साचलेलं पाणी, तापमान कळतं. ते अवश्य घ्यावं. पण झाकण नसलेला ड्रम उपग्रहाला दिसत नाही. तो मितानिनला दिसतो. छत्तीसगडने २००२ मध्ये मितानिन ही गावातल्याच बाईला आरोग्याची कामं सोपवणारी योजना सुरू केली. देशभरच्या आशा योजनेमागे तिचा अनुभव होता. शहरी वस्त्यांतही मितानिन आहेत. शेजारी कोणाच्या घरात ताप आहे, कोण परगावाहून आलंय, कुणाची टाकी फुटकी आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. पाकिस्तानातल्या लाहोरला २०११ मध्ये डेंग्यूने शेकडो बळी घेतल्यानंतर तिथल्या कर्मचाऱ्यांना मोबाईल देऊन अळीनाशक कामाचे जागेसह फोटो घ्यायला लावले; कोणत्या भागात काम झालं आणि कोणत्या भागात केवळ कागदावर झालं ते नकाशावर दिसू लागलं. आपल्याकडे हेच काम मितानिनच्या हातात देता येईल, मात्र त्याचा योग्य मोबदला देऊन. फुकटच्या सेवेवर उभी केलेली यंत्रणा दोन पावसाळेही टिकत नाही.

नकाशाने कुणाला डाग लागता कामा नये. १८९६ नंतरच्या प्लेगात मुंबईच्या घरांवर ‘राहण्यास अयोग्य’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं रंगवली गेली, आणि त्या खुणेचा धाक लोकांना रोगापेक्षा जास्त वाटला. माणसं रुग्ण लपवू लागली. करोनात बांबू बांधलेल्या गल्ल्यांचंही तेच झालं. म्हणून माझा आग्रह आहे की या नकाशावर रुग्णांची नावं-घरं येऊ नयेत. पाणी, साठवण, गटार आणि वस्तीची दाटी यावी. दुरुस्ती करायची जबाबदारी कोणत्या कार्यालयाची, तेही त्याच नकाशावर लिहिलेलं असावं. खुर्सीपारच्या लोकांना दोष देऊन काही सुधारत नाही. त्यांच्या नळाला रोज पाणी आलं तर ड्रमची संख्या आपोआप घटेल.

पावसाळा संपला की कूलर माळ्यावर किंवा गच्चीवर जातात. एडिसची अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेजवळ चिकटतात आणि कोरड्यात कित्येक महिने जगतात. पुढच्या वर्षी पाणी भरलं की त्यातून अळ्या निघतात. तेव्हा कूलर ठेवून देण्याआधी टाकी रिकामी करा, काथ्याने किंवा ब्रशने भिंती खरवडून घासा आणि उन्हात वाळवा. आणि तुमच्या नगरसेवकाला विचारा, आपल्या गल्लीत नळाला पाणी किती दिवसांनी येतं याची नोंद पालिकेकडे आहे का.