उपनगराचा दिवस आणि जनगणनेचा आकडा

भूगोलाच्या पुस्तकात ‘उपनगर’ हा शब्द आपण एका ओळीत वाचून पुढे जातो. परंतु उपनगर म्हणजे केवळ मोठ्या शहराजवळची वस्ती नव्हे; राहण्याची जागा आणि कामाची जागा यांची जेथे फारकत झाली, अशी ती वस्ती होय. ठाणे जिल्ह्यातील बदलापूर हे याचे बोलके उदाहरण आहे.

मुंबईपासून रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटरवर, उल्हास नदीच्या काठी हे गाव वसले आहे. कल्याणहून खोपोलीकडे लोहमार्ग गेला तो १८५६ साली. तथापि पुढे दीर्घकाळ येथील जीवन भातशेतीवरच चालले. पुढे कुळगाव, बदलापूर, कात्रप, बेलवली, मांजर्ली अशा गावांचे मिळून एक शहर झाले.

२००१ साली या शहराची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ साली ती १ लाख ७४ हजारांवर गेली. त्याच दशकात सबंध महाराष्ट्राची वाढ सुमारे १६ टक्के होती आणि मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या तर घटली. यावरून उघड होते की, बदलापुरातील वाढ केवळ जन्मांमुळे झालेली नाही. माणसे बाहेरून तेथे राहावयास आली. मुंबईत घर घेणे आवाक्याबाहेर गेले, तेव्हा नोकरदाराने नोकरी तेथेच ठेवली आणि बिऱ्हाड दूर नेले. पूर्वी गोमंतकातून मुंबईस गेलेले आपले लोक कुडांत दाटीने राहत, त्यामागेही जागेची हीच टंचाई होती.

मात्र घराची किंमत जेथे कमी, तेथे काळाची किंमत अधिक. लोकलने जाण्यायेण्यात रोज तीन तास गेले, तर वर्षाच्या ३०० दिवसांत ९०० तास होतात. म्हणजे ३७ अहोरात्रींहून अधिक काळ केवळ प्रवासात! हा काळ कोणत्याही वेतनपत्रकात दिसत नाही.

जनगणना माणसाची नोंद तो राहतो तेथे करते. वर्षातून सहा महिने वा अधिक काम करणारा तो मुख्य कामकरी, त्याहून कमी काम करणारा तो सीमांत कामकरी. स्वतःच्या घरचा स्वयंपाक, पाणी भरणे, मुलांचे संगोपन यांस ती ‘काम’ म्हणत नाही. पहाटे चारला उठून डबा करणारी गृहिणी म्हणूनच आकड्यांत ‘काम न करणारी’ ठरते. वास्तविक तिच्या श्रमांवाचून सकाळची लोकल कोणालाच गाठता येणार नाही.

याहून एक सूक्ष्म गोष्ट आहे. घरच्या शेतात विनावेतन राबणे, घरी बसून शिवणकाम करून चार पैसे मिळविणे, हे मात्र जनगणनेच्या दृष्टीने कामच आहे. तरीही प्रगणकाने विचारल्यावर “ती घरीच असते” असे उत्तर सहज दिले जाते आणि तिचे श्रम कागदावरून पुसले जातात. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झाला आहे. प्रगणक आपल्या दारी येईल, तेव्हा आई, आजी, काकी काय काय करतात ते नीट आठवून सांगा. आकडा खरा व्हावयाचा, तर उत्तर आधी खरे हवे.