ओव्हनमधला ट्रे वाकतो कशाने?

रमजानमधली एक संध्याकाळ. असरची नमाज झाली होती, इफ्तारला पाऊण तास उरला होता. ओव्हनमध्ये मसाला लावलेल्या कोंबडीच्या तंगड्या भाजत होत्या आणि आम्ही फळे चिरत बसलो होतो. एवढ्यात आतून ‘टण्ण’ असा मोठा आवाज आला. काचेतून पाहिले, तर ट्रेचा एक कोपरा वर उचललेला आणि सुटलेली सारी चरबी समोरच्या कोपऱ्यात साचलेली. घाईघाईने ट्रे ओढला आणि ती कढत चरबी सूनबाईंच्या मनगटावर सांडली. वीस मिनिटे हात नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरला. अल्लाहची कृपा, फोड आठवड्यात बरा झाला. पण त्या दिवसापासून ट्रे वाकण्याला आम्ही किरकोळ गोष्ट समजत नाही.

धातू तापला की वाढतो, हे आपण शाळेत शिकलो. चाळीस सेंटिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा ट्रे ओव्हनमध्ये दोनशे अंशांपर्यंत तापला, तर सुमारे दीड मिलिमीटर लांब होतो. साधा लोखंडी पत्रा त्याच्या निम्म्याने वाढतो. सगळा ट्रे एकसारखा वाढला तर काही बिघडत नाही. बिघडते ते एक भाग तापतो आणि दुसरा थंड राहतो तेव्हा. फ्रीझरमधली कोंबडी ट्रेच्या मध्यावर ठेवली, की तिच्याखालचा पत्रा गार राहतो आणि मोकळ्या कडा भराभर तापतात. कडांना वाढायचे असते, पण मधला भाग त्यांना धरून ठेवतो. पातळ पत्र्याला हा ताण सोसत नाही. तो एकदम वर किंवा खाली उसळी घेतो. तोच तो ‘टण्ण’ आवाज.

बरेचदा ट्रे निवला की पुन्हा सरळ होतो. पण ताण फार झाला, तर पत्रा कायमचा बाक धरतो. मग त्यावर नानखटाई लावली, की एका बाजूची करपते आणि दुसऱ्या बाजूची कच्ची राहते. केकचे पीठही उताराकडे सरकते.

ईदच्या आधी मोहल्ल्यातल्या बेकरीच्या भट्टीवर नानखटाईचे ट्रे घेऊन जाण्याची आठवण आपल्यापैकी अनेकांना असेल. बेकरीवाल्याचे ते काळे लोखंडी पत्रे वर्षानुवर्षे भट्टीत जात-येत असतात, तरी सपाट दिसतात. एक तर ते जाड असतात. दुसरे, नानखटाई पत्राभर सारख्या अंतराने लावलेली असते. शिवाय भट्टीच्या तापलेल्या विटा सगळीकडून आच देतात. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये मात्र रॉड ट्रेच्या अगदी जवळ असतो आणि सोबत मिळालेला ट्रे बहुधा पातळ असतो.

म्हणून ट्रे घेताना आधी हातात धरून वजन पाहावे. समोरासमोरचे कोपरे धरून हलके पिळून पाहावे. सहज पिळला जात असेल, तर तो तापल्यावरही वाकणार. पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास जाड असावा आणि कड गोल वळवलेली असावी. आत तार घातलेली कड आणखी मजबूत. जाड ॲल्युमिनियम चांगले, कारण त्यात उष्णता लवकर पसरते. स्टेनलेस स्टीलमध्ये ती फार हळू पसरते, म्हणून पातळ स्टीलचा ट्रे लवकर वाकतो. ट्रे ओव्हनच्या भिंतींना घट्ट बसेल एवढा मोठाही नको. चारी बाजूंनी हवा खेळायला दोन-तीन सेंटिमीटर जागा हवी.

वापरताना आम्ही आता या गोष्टी पाळतो:

१. ओव्हन तापवताना रिकामा ट्रे आत ठेवत नाही. नॉनस्टिक ट्रे तर मुळीच नाही, कारण त्याचा थरही बिघडतो.

२. ट्रे मधल्या खाचेतल्या जाळीवर ठेवतो, रॉडला चिकटून नाही.

३. गोठलेले मटण-चिकन आदल्या रात्रीच फ्रीझरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो. ओट्यावर नाही, तिथे ते खराब होण्याची भीती असते.

४. पदार्थ ट्रेभर सारखा पसरतो. बिस्किटे थोडीच असतील, तर लहान ट्रे घेतो.

५. चरबी सुटणारा पदार्थ उंच काठाच्या जाड भांड्यातच भाजतो. बिस्किटांचा उथळ ट्रे त्या कामाचा नाही.

६. गरम ट्रे सिंकमध्ये ठेवून पाणी ओतत नाही. अर्धा तास जाळीवर निवू देतो, मग कोमट पाण्याने धुतो.

काचेचे भांडे वाकत नाही, पण अशाच फरकाने ते तडकते. फ्रीजमधून काढलेले काचेचे भांडे थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नये, गरम भांडे ओल्या ओट्यावर टेकवू नये.

वाकलेल्या ट्रेचे काय करावे? थंड झाल्यावर लाकडी पाटावर उपडा घालून हाताने दाबून पाहावा. थोडा बाक निघतो, पण तापल्यावर तो ट्रे बहुधा पुन्हा वाकतो. त्यात शेंगदाणे, रवा, खोबरे असे कोरडे भाजावे. तेल-चरबीचे काम त्याला देऊ नये.

आणि इफ्तारच्या घाईत तो आवाज आलाच, तर ट्रे ओढू नका. ओव्हन बंद करा, दार उघडून पाच मिनिटे थांबा, कोरडे जाड हातमोजे घाला आणि ट्रे दोन्ही हातांनी सपाट धरून बाहेर काढा. तोवर रोजा सोडायला खजूर आणि पाणी पुरेसे आहे. कोंबडी मगरिबच्या नमाजीनंतर खाल्ली तरी चालते.