गणेशदुर्गाचं गाव

किल्ल्याच्या गावात किल्ला शोधावा लागतो, ही सांगलीची गंमत. माधवनगरहून आलेला पाहुणा राजवाडा चौकात उतरतो, भडंग घेतो, पुढे जातो. गणेशदुर्गाच्या दाराशी आपण उभे होतो हे त्याच्या गावीही नसतं.

या किल्ल्याचं मूळ भाऊबंदकीत. मिरजेच्या पटवर्धनांत चुलत्या-पुतण्याचं बिनसलं आणि 1801 च्या वाटणीनंतर पुतण्या चिंतामणराव अप्पासाहेबांनी सांगलीला राजधानी केली. कृष्णाकाठचं हे तेव्हाचं लहानसं गाव. त्यांनी किल्ला बांधला, काळ्या पाषाणाचं गणपती मंदिर उभारायला घेतलं. संस्थानचा ‘चोर गणपती’ आजही चतुर्थीच्या आधीच, भाद्रपद प्रतिपदेला, गाजावाजा न करता बसतो.

अप्पासाहेबांची खरी कमाई मात्र दगडाची नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं. 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ दरबारात झालं. 1851 मध्ये अप्पासाहेब गेले, राजाश्रय आटला. मग भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव तिकीट लावून खेळ केले. आश्रय टिकला असता तर मराठी नाटक वाड्यातच राहिलं असतं, असं मला वाटतं.

गणेशदुर्गाला इतिहासात जागा मिळाली ती वेढ्यामुळे नव्हे, आतून बाहेर पडणाऱ्यांमुळे. तुरुंग किल्ल्यातच होता. 24 जुलै 1943 रोजी भरदुपारी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या आणि तटावरून खंदकात उड्या घेतल्या. पळायचं कुठे? पावसाळा, कृष्णा दुथडी भरलेली, मागे पोलीस. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीबारात हुतात्मा झाले. दादांच्या खांद्यात गोळी लागली, ते पुन्हा पकडले गेले. पुढे हाच कैदी महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. दुसऱ्या गावानं एवढ्या भांडवलावर तटासमोर रोज खेळ लावला असता. आपल्याकडे तटाला टेकून गाड्या उभ्या असतात.

नदीवर 1929 चा आयर्विन पूल आहे. त्याच्या पाणीपातळीच्या आकड्यावर पावसाळ्यात सारं शहर कान लावून असतं. 2019 मध्ये तो 57 फुटांपलीकडे गेला होता.

सांगली बघायची तर 5 नोव्हेंबरला, रंगभूमीदिनी या. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल, तर निघण्याआधी आयर्विनला पाणी किती आहे ते विचारून घ्या.